पाण्यातले देव आणि अडकलेले अण्णा

माझ्या व्हिसामुळे माझ्या वडिलांचं वय वाढायचं थांबलं होतं.

हे ऐकून लोक हसतात. पण मिरजेत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. अण्णा तेव्हा एक्याऐंशीत होते, आणि तरी विचारणाऱ्याला ते स्वतःच सांगायचे, "ऐंशीवर थांबवलंय मला. वरून सिग्नल नाही." अण्णांनी उभी हयात एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. गाडी का सुटत नाही याचं कारण प्रवाशांना शांतपणे सांगायची त्यांना सवय होती. यावेळी गाडी तेच होते, इतकंच.

झालं होतं असं. मी वॉटफर्डला राहतो, लंडनला नोकरीला जातो, आणि ठरलेली वर्षं भरल्यावर इथे कायम राहण्याचा, म्हणजे सेटलमेंटचा, अर्ज मी केला होता. (ज्या खात्याकडे केला, त्याचं नाव आम्ही घरात घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. नुसतं 'खातं' म्हणतो.) खात्याचा नियम असा, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही. पासपोर्ट कपाटात, स्वेटरांच्या खाली, अगदी हाताशी असतो. पण तो घेऊन विमानात बसलात, की तुम्ही अर्ज मागे घेतला असं धरतात. जास्तीचे पैसे भरून झटपट निकाल मिळायची सोय असते म्हणे. पण तिचे स्लॉट सकाळी उघडतात आणि चहा उकळायच्या आत संपतात. मी चहा उकळताना खिडकीबाहेर बघत बसणारा माणूस आहे.

इकडे अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा सोहळा. मी एकुलता एक मुलगा, मी तिथे नाही असं कसं चालेल? म्हणून आईने निकाल लवकर लागावा यासाठी तिच्या हातात असलेला एकमेव उपाय केला. तिने देव पाण्यात घातले. देवघरातले सगळे देव उचलून तांब्याच्या घंगाळात ठेवले आणि वरून पाणी ओतलं. काम झाल्याशिवाय बाहेर काढायचे नाहीत.

आणि इथेच सगळं अडकलं. सोहळ्याची तारीख काढायला गुरुजी आले, त्यांनी घंगाळात डोकावून पाहिलं आणि विचारलं, की देवच बुडालेले असताना पूजा कुणापुढे मांडू? आई म्हणाली, अभयचं काम झालं की काढते. गुरुजी म्हणाले, मग अभयचं काम झालं की मीही येतो. म्हणजे निकाल लागल्याशिवाय देव बाहेर नाहीत, देव बाहेर आल्याशिवाय सोहळा नाही, आणि सोहळा झाल्याशिवाय अण्णा हजार चंद्रांचे होणार नाहीत. लंडनमधल्या कुठल्याशा टेबलावरच्या गठ्ठ्याने मिरजेतल्या एका माणसाचं वय धरून ठेवलं होतं.

आईच्या हुकमावरून आमच्याकडचा पितळी बाळकृष्णही पाण्यात गेला. काचेच्या वाडग्यात, किचनच्या खिडकीत. वॉटफर्डचं पाणी जड. दोन-चार महिन्यांत बाळकृष्णावर किटलीत धरतो तसा पांढरा थर चढला. माझी बायको केतकी म्हणाली, "बघ, तुझ्या आधी हा इथला झाला." पण मला त्याच्याकडे बघत बसायला आवडायचं. संध्याकाळचं तिरकं ऊन वाडग्यात शिरायचं, पाणी हलायचं, आणि रांगणारा बाळकृष्ण खरंच कुठेतरी निघाल्यासारखा दिसायचा. तो निघायचा नाही, मीही निघायचो नाही. खाली सिंकमधली भांडी घासायची राहून जायची. ते दिवसच तसे होते, अर्धे इथे आणि अर्धे कुठेच नाही. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी मनाने मिरजेच्या गच्चीवर सतरंज्या घालत असायचो.

अशाच एका सकाळी मी लंडनच्या गाडीत बसलो होतो. बाहेर धुकं, आत हीटर, शेजारच्या बाईच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास. फोन हातात होता. मेल आली. निकाल लागला होता! मी आईला फोन लावला आणि म्हणालो, "आई, झालं." पलीकडून आई नुसतीच "अरे देवा" म्हणाली आणि फोन ठेवून पळाली. कुठे पळाली ते मला कळलं. घंगाळाकडे.

मी समाधानाने डोळे मिटले, आणि मिटताना लक्षात आलं की ते आत्ताच उघडले होते.

केतकीला पाठवायला म्हणून मेल शोधली. नव्हती. वर केलं, खाली केलं, कचऱ्यात पाहिलं. नव्हती. मग ती मेल हळूहळू आठवायला लागली. तिची सुरुवात 'चि. अभय यास अनेक उत्तम आशीर्वाद' अशी होती. ती निळ्या शाईत होती. आणि ती आणून देणारा खात्याचा साहेब खाकी कपड्यांत होता, त्याच्या गळ्यात शिट्टी होती. खरं तर आशीर्वादाशीच मला संशय यायला हवा होता. मी जागा होऊन फोन केला की फोन करून जागा झालो, हे मला आजही सांगता येत नाही.

लगेच आईला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. ऑफिसात पोचेपर्यंत लावत राहिलो, आणि तेवढ्यात केतकीचाच फोन आला. तिचा आवाज फार शांत होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी त्या आवाजाला घाबरतो.

"अभय, आपल्याला सेटलमेंट मिळाली हे मला पुण्याच्या मावशींकडून कळतंय."

मी खरं काय ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू आधी काहीतरी खा."

आई फोनवर सापडली तेव्हा देव पुसून, कोरडे करून, नव्या वस्त्रावर बसले होते. गल्लीत पेढे गेले होते. गुरुजी समोर पंचांग घेऊन बसले होते आणि येत्या पौर्णिमेचा मुहूर्त निघाला होता. आई रडत होती, हसत होती, मला बोलूच देत नव्हती. दुपारपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. अध्यक्षांनी तर, आता अभय कायमचा झाला, त्याला गणपतीचं डेकोरेशन द्यायला हरकत नाही, असंही जाहीर केलं. (आत्तापर्यंत मला तात्पुरता म्हणून फक्त खुर्च्या लावायला ठेवलं होतं.)

संध्याकाळी घरी आलो तर बाळकृष्ण किचनमध्ये नव्हता. तो अजून पाण्यातच होता, पण आईला व्हिडिओवर दिसू नये म्हणून केतकीने त्याला वाडग्यासकट वॉशिंग मशीनच्या वर, पावडरीच्या डब्यामागे लपवला होता. आमची इरा इथेच जन्मली, आठ वर्षांची आहे. ती त्याच्यासमोर उभी होती.

"बाबा, हा अजून इन ट्रबल आहे का? याचं काय चुकली?"

मी म्हटलं, याचं काही नाही चुकलं, बाबाचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून अण्णांना फोनवर एकटं गाठलं. ते स्टँडकडे फिरायला जातात तेव्हा. निकाल लागलेला नाही, मला स्वप्न पडलं होतं, मी येऊ शकत नाही, हे सगळं एका दमात सांगितलं. मागे कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला. मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "ती देव परत बुडवेल. मला आता थांबायचं नाही रे, अभय. निघू दे मला. तू मागच्या गाडीने ये."

सोहळा झाला. मला रजा मिळाली नाही असं अण्णांनी आईला सांगितलं, आणि आईने माझ्या मॅनेजरबाईंना आयुष्यभर पुरेल इतकं बोलून घेतलं. (त्या बिचाऱ्या स्वतःहून, जरा घरी जाऊन ये, असं मला सारख्या सांगत होत्या.) आम्ही तिघं वॉटफर्डला भर दुपारी सणाचे कपडे घालून सोफ्यावर बसलो होतो. तिकडे रात्र पडत होती. पडद्यावर अण्णा, भोवती वातींचं ताम्हण, ओवाळणाऱ्या बायका. अण्णा नव्या उपरण्यात अवघडून बसले होते आणि मधूनच कॅमेऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी आईच्या हातातून फोन घेतला, गच्चीवर चढले, आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर आलेल्या चंद्राकडे धरला.

"दिसला का?"

"बाबा, चंद्र पिक्सेलेट झाली," इरा म्हणाली.

मी दिसला म्हणालो. एक पांढरा, थरथरणारा ठिपका दिसत होता. अण्णांचा हात थरथरतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तिथे असायला हवं होतं. मी उठून किचनमध्ये गेलो आणि नळ सोडून थोडा वेळ रडलो.

खरा निकाल लागला तेव्हा मी भेंडी चिरत होतो. मेल केतकीला वाचायला दिली, मग पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितली. रुक्ष इंग्रजी होतं, आशीर्वाद कुठेच नव्हता. म्हणजे खरी होती. केतकीने बाळकृष्णाला बाहेर काढून चिंचेने घासायला घेतलं, आणि मी भेंडीच्या चिकट हातांनीच मिळेल त्या पहिल्या विमानाचं तिकीट काढलं. आईला मात्र रजा मिळाली एवढंच सांगितलं.

मिरजेला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझी बॅग अजून दारातच होती, तोवर अण्णांनी चपला घातल्या.

"चल वर. तुझं राहिलंय तेवढं उरकून टाकू."

जिन्यात त्यांनी माझा खांदा धरला. गच्चीवर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. दुपारीच मांडल्या असाव्यात. आम्ही बसलो. उकाडा कमी झाला होता, रातराणीचा वास येत होता, आणि मी डोळे भरून आकाशाकडे पाहायला लागलो. इतक्या महिन्यांनी मी जिथे असायला हवा तिथे होतो. टाकीवर काही नव्हतं. टाकीच्या डावीकडेही नव्हतं. आम्ही दोघंही उठून, माना वर करून सावकाश गोल फिरलो.

खालून आईचा आवाज आला, "अहो, त्याला काय दाखवताय? आज अमावस्या आहे!"

मी तिकीट काढताना सगळं पाहिलं होतं. जेवणात काय मिळेल, सीट खिडकीची आहे की नाही, सगळं. किचनच्या भिंतीवर तिथी-वारासकट टांगलेली दिनदर्शिका तेवढी पाहिली नव्हती.

अण्णा गालातल्या गालात हसले आणि पुन्हा खुर्चीत बसून मागे रेलले.

"असू दे. थांबू आपण. याचं तुझ्या खात्यासारखं नाही, याला वेळापत्रक असतं."

मीही मागे रेललो. थांबायला माझी काहीच हरकत नव्हती. गेल्या वर्षभरात तेवढं एकच काम मी नीट शिकलो होतो.