अंधारात वाढलेली लोकर

शेजारच्या आंटी मूळच्या वसईच्या, पण त्यांचं 'आमच्याकडे' म्हणजे टोरंटो. आमच्याकडे बस वेळेवर, आमच्याकडे दूध दाट. ऐन डिसेंबरात, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यात, त्या कॅसल हिलला लेकीकडे कायमच्या राहायला आल्या. सोबत हस्की कुत्री. तिच्या अंगावर कॅनडाच्या हिवाळ्याची गच्च लोकर आणि इथे उन्हाची काहिली.

"भादरून टाका तिला," गल्लीतले सगळे सांगायचे. मीही सांगितलं.

"नो वे," आंटी म्हणाल्या. "तिचे केस दिवसाच्या लांबीवर चालतात. दिवस मोठा दिसला की स्वतःच गाळेल."

रोज सकाळी ओल्या फरशीवर बसून त्या तिला विंचरायच्या. केसांचे पुंजके उडून आमच्या लॉनवर यायचे आणि मी कुरकुरायचे.

एप्रिलमध्ये अंधार लवकर पडू लागला, तसा त्यांनी पॅटिओचा दिवा लावणंच सोडलं. लेक ओरडायची, "मम्मा, पडशील!" आंटी अंधारातच चहा प्यायच्या. "दिवा लावला तर हिला उन्हाळाच वाटत राहील. मग आतली लोकर कशी येणार?"

जूनमध्ये माझी आई पुण्याहून आली. कुंपणापलीकडची झुबकेदार कुत्री बघून म्हणाली, "अगंबाई, जूनमध्ये एवढी लोकर?"

आंटींनी कुत्रीच्या केसांत बोटं खुपसली, ती पार दिसेनाशी झाली.

"मग काय," त्या हसल्या. "आमच्याकडे जूनमध्येच हिवाळा असतो, ताई."