एका हाताने कडी जुळत नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, ते न सांगताच कळलेलं आहे, पण तिच्याशीही मी त्यावर कधी बोललो नाही. आता लिहायला बसलोय, तर पहिल्या ओळीपासूनच छातीवरचं काहीतरी उतरतंय. आधीच का नाही लिहिलं?

तशी गोष्ट एका वाक्याची आहे. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत मी ते वाक्य बोललो. खोटं होतं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आधी घरचं सांगतो. मी हुपरीचा. आमच्याकडे घरोघरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं, आमच्या घरीही चालायचं. वडील डाग द्यायचे, म्हणजे चांदीचे जोड सांधायचे, आई आणि आक्का कड्या जुळवायच्या. आक्काची शाळा सातवीनंतर सुटली — सुटली कसली, सोडवली. मी तेव्हा पाचवीत होतो. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मी. आज सहकारी संस्थेत अधिकारी आहे, कोल्हापुरात स्वतःचं घर आहे. हे सगळं शाळेनं दिलं असं मी नेहमी म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

मुलगी मनाली पाचवीत होती तेव्हा काही पालकांनी निवेदन काढलं. पुढे होत्या कांचनताई. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. मागणी साधी होती. एकच उत्तर पाच-पाच वेळा लिहून आणायचा गृहपाठ बंद करा, लहान वर्गांना अर्ध्या तासात संपेल एवढाच द्या. सभेत कांचनताई उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘माझं पोरगं जेवताना ताटावर पेंगतंय हो. घास तोंडात, आन् डोळं मिटल्यालं. ह्याला शिक्षण म्हणायचं व्हय?’’

हॉल त्यांच्या बाजूने होता. मुख्याध्यापिकाबाईही मान हलवत होत्या. तिथेच गप्प बसलो असतो तर? पण मला राग आला होता. शाळेचे उपकार विसरलेली माणसं, असं काहीसं मनात आलं. मी उठलो आणि म्हणालो, ‘‘मी हुपरीत एका हाताने पैंजणाच्या कड्या जुळवल्या आणि दुसऱ्या हाताने गृहपाठ लिहिला. म्हणून आज इथे उभा आहे.’’

टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे भरून आले. कांचनताईंनी निवेदनाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि निघताना मला एवढंच म्हणाल्या, ‘‘तुमच्यासारखी न्हाईत हो आमची पोरं.’’

त्या हॉलमध्ये हुपरीचा एक जरी माणूस असता तरी तो मोठ्यानं हसला असता. कडी जुळवायला दोन हात लागतात — एकात पकड, दुसऱ्यात साखळी. आणि गृहपाठ? तो मी कधी केलाच नव्हता.

तो आक्कानं केला. पाचवीपासून दहावीपर्यंत, सगळा. मी शाळेतून आलो की तिच्या हातातली पकड मी घ्यायची आणि माझ्या दप्तरातली वही तिनं. हे तिनंच सुचवलं होतं. तिला लिहायचं होतं, मला लिहायचा कंटाळा होता. असा आमचा सौदा. लिहिता लिहिता ती मोठ्यानं वाचायची, अडलं की पुस्तक मागे-पुढे चाळून स्वतःच सोडवायची आणि मग मला सांगायची. मी कड्या जुळवत ऐकायचो. परीक्षेत मी जे लिहिलं ते असं ऐकलेलं. गुरुजी म्हणायचे, ‘‘वहीत मोती आणि पेपरात कोंबडीचे पाय? घाई करू नकोस.’’ नियमित गृहपाठाचं बक्षीसही मिळालं मला. आक्का दहावीचं बीजगणित माझ्याच वहीत शिकली. पण परीक्षेला मी बसलो.

म्हणजे सभेत मी दोन गोष्टी केल्या. जे मी केलं नव्हतं ते केलं म्हणालो, आणि जिनं केलं तिला गोष्टीतून काढून टाकलं. त्या गोष्टीपायी शाळेतल्या सगळ्या मुलांचा गृहपाठ होता तसाच राहिला.

आमच्या घरातही राहिला. मनालीनं ते वाक्य ऐकलं होतं. एके दिवशी पाहिलं तर ती उजव्या हाताने लिहीत होती आणि डाव्या हाताने पोळी खात होती. ‘‘बाबांसारखं,’’ म्हणाली. मधल्या बोटावर पेनानं गाठ आली होती. मी काय केलं असेल? कपाटातून माझी जुनी वही काढली, ‘‘अक्षर असं हवं,’’ म्हणून तिला दाखवली आणि वर कौतुकानं पाठ थोपटली.

त्याच वर्षी सुट्टीत आम्ही हुपरीला गेलो. मनालीनं आत्याला मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. आक्का हसत सुटली, ‘‘एका हातानं कडी जुळती व्हय गं?’’ आणि तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. हसू आवरून ती पोरीला म्हणाली, ‘‘व्हय की. तुझा बाप तसाच हुता.’’

पुन्हा एकदा माझ्या वाटचं तिनं केलं. मी चहा पीत बसलो.

गेल्या आठवड्यात कांचनताई दारात आल्या. त्यांची धाकटी आता चौथीत आहे, निवेदन पुन्हा काढलंय. ‘‘तुमी सही करणार न्हाई म्हाईत हाय, पण दार टाळून कसं जायाचं?’’ मी सही केली. त्या कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मी म्हणालो, सोबत जोडायला एक पान देतो, मुख्याध्यापिकाबाईंसमोर वाचा. टाइप करून द्या म्हणाल्या. मी हातानेच लिहितोय.

ते हेच पान. तुम्हालाही वाचायला मिळावं म्हणून याची एक प्रत काढणार आहे.

आता सकाळ आहे. मनाली मागे येऊन उभी राहिली. आठवीत आहे ती.

‘‘बाबा, हे तुमचं अक्षर?’’

‘‘हो.’’

तिनं कपाटातून ती जुनी वही आणून या पानाशेजारी ठेवली.

‘‘मग हे कुणाचं?’’

‘‘तुझ्या आत्याचं.’’

ती वाचतेय. मी हात आडवा धरलेला नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर नाव माझं आहे. तेही आक्कानंच लिहिलेलं.