घोंगड्यावर बसून

माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडं, मी खड्डामागावर घोंगडी विणतो. बाहेरच्या देशांतली मऊ लोकर आली, कारखान्यांची स्वस्त ब्लँकेटं आली, आणि आमची काळी राठ लोकर कुणी फुकटसुद्धा घेईना. मेंढरं कातरायची आणि लोकर बांधावर टाकून द्यायची, अशी गत. चीड यायची, पण चिडून माग चालत नाही.

मग त्याच बाहेरच्या देशांनी हात दिला, हेही कबूल करायला पाहिजे. मुंबईत नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं घोंगड्यांचे फोटो मोबाईलवरून जगाला दाखवले. जर्मनीहून मागणी आली, मग जपानहून. ज्याला गावात कुणी विचारत नव्हतं, ते घोंगडं विमानात बसलं! शेजारच्या सहा बायकांचे चरखे पुन्हा फिरायला लागले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

एक घोंगडं विणायला मला चार-पाच दिवस लागतात. भाऊ म्हणायचा, "दादा, लय उशीर हुतोय, हात उचल." मी म्हणायचो, "थांबा म्हणावं त्यास्नी." पुढं मागण्याच आटल्या. "बाजार बसलाय दादा, तिकडं पण मंदी हाय," असं तो फोनवर सांगे. चरखे थांबले. बायका दारात येऊन विचारायच्या, "आवं, काम कवा येणार?" काय सांगणार, कप्पाळ!

मला बरं वाटावं म्हणून त्यानं एकदा जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचा निरोप वाचून दाखवला. त्या बाईनं लिहिलं होतं, घोंगडं इतकं मऊ आहे की बाळाला पांघरते. मऊ? आमच्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. पहिली दोन वर्षं ते टोचतं. मी फोनवरच म्हटलं, "जत्रंला ये, आणि काम खरंच बसलंय का ते घोंगड्यावर बसून सांग."

आमच्या घरात वाद मिटवायची हीच रीत. देवापुढं घोंगडं अंथरायचं, भंडारा टाकायचा, बोलणाऱ्यानं त्यावर बसून बोलायचं. विचारणाऱ्यानं घोंगड्याला शिवायचं नाही. त्यावर बसून खोटं बोललेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तो आला. म्हणाला, "देवासाठी नवं घोंगडं आणलंय दादा, तुझ्याच मागाचं, गेल्या खेपेतलं." त्यानंच अंथरलं, भंडारा उधळला, मांडी घातली. "तुझ्या मागाचं सोडून मी कुणाला काय विकलं न्हाई." आवाज जरासुद्धा कापला नाही. मलाच रडू फुटलं. सख्ख्या भावावर संशय घेतला म्हणून मी त्याचे हात धरून माफी मागितली. बायकोनं पुरणपोळ्या केल्या, चार जास्तच खाल्ल्या त्यानं.

जाताना म्हणाला, "घोंगडं आवरू नगंस, देवापुढंच ऱ्हाऊ दे." पण भंडारा झाडायला म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते उचललं. मऊ! खळ नाही, लोकरीचा वास नाही. किनार उसवली, तर वरच्या काळ्या रंगाखाली तांबडे, निळे, पिवळे तंतू. तिकडच्या लोकांनी टाकलेले स्वेटर गाठोड्यांनी आपल्या देशात येतात, कारखान्यात पिंजून त्यांची ब्लँकेटं होतात, हे मला ठाऊक होतं. त्यांचंच टाकलेलं माझ्या नावावर त्यांनाच विकत होता पठ्ठ्या. बाजार कुठला बसलाय! मागण्या येतच होत्या, आम्हालाच तेवढं बसवलं होतं. आता त्या सहा बायकांना हे कुठल्या तोंडानं सांगू?

विकल्याचं दुःख मी गिळलं असतं. पोटासाठी माणूस काय काय करतो. पण माझं विणलेलं घोंगडं तिथंच खुंटीवर होतं, आणि त्याच्यावर बसायची त्याची छाती झाली नाही. खोटं बोलायचं म्हणून त्यानं मुंबईहून खोटं घोंगडं आणलं. म्हणजे देवाला तो अजून भितो. माझ्या डोळ्यांत बघून बोलायला मात्र त्याला काहीच वाटलं नाही.