सोनेरी जवान

कोठी भागातल्या एका गल्लीत भांड्यांना कल्हई करणारे काका बसतात. नाव मी कधी विचारलं नाही. बोलतानाही त्यांची ठोकठोक चालूच असते. ती थांबली की समजावं, काका चिडलेत. त्या दिवशी मी पातेलं घेऊन गेलो, तेव्हा ती थांबलेली होती.

कुणा बड्या पाहुण्याच्या स्वागतासाठी नाक्यावरच्या युद्धस्मारकातल्या ब्राँझच्या जवानाला सोनेरी ऑइलपेंट फासला होता. खालच्या पाटीवरची शहिदांची नावंसुद्धा त्यात बुजली होती.

"क्या जी, चमकायला तो काय वरातीतला बँडवाला आहे?" काका कडाडले.

मग तीन दिवस दुकान उघडण्याआधी ते त्या पाटीपुढे उकिडवे बसले. थिनरचा बोळा आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक अक्षर मोकळं करत राहिले. सफाईचा मुकादम म्हणाला, "छान दिसतोय की, कशाला खराब करता?"

"आधी नावं वाच," काका मान वर न करता म्हणाले.

चौथ्या दिवशी सगळी नावं वाचता येऊ लागली. पाचव्या दिवशी तिथे नवी पाटी आली: 'पुतळ्यास हात लावू नये.' ती तारेने बांधली होती, जवानाच्याच गळ्यात.