टेकडीवरचं प्रेशर

दर रविवारी ह्यांच्या गोळ्यांची वारांची डबी मी भरते. त्या रविवारी उघडली तर मंगळवारपासून पुढचे सगळे खण भरलेलेच.

"विसरलात?"

"नाही. बंद केली. टेकडीवर माझं प्रेशर नॉर्मल येतंय."

माझ्या दिरांनीही गोळी अशीच आपल्या मनाने बंद केली होती. आज त्यांचा उजवा हात चालत नाही. त्यामुळे वाद घालत न बसता दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत पाणी, टोपी आणि घरचं प्रेशरचं मशीन भरलं आणि ह्यांच्याबरोबर निघाले.

ह्यांच्या टेकडी-ग्रुपचा एक रिवाज आहे. वर चढायचं, बाटल्यांतून आणलेलं पाणी रोपांना घालायचं, मग गिरिपुष्पाच्या झाडीत डोळे मिटून बसायचं. त्यानंतर एक निवृत्त बँक मॅनेजर तिथेच सगळ्यांचं प्रेशर मोजतात आणि आकडे ग्रुपवर टाकतात. माझा पहिला संशय त्यांच्या मशीनवर होता.

मी आपलं मशीन बाहेर काढल्यावर ते म्हणाले, "वहिनी, झाडांवर विश्वास नाही वाटतं?"

"झाडांवर आहे. माणसांवर नाही."

ह्यांचं मोजलं. खरोखरच नॉर्मल. दुसऱ्या हातावर मोजलं, तरी तेच. मग स्वतःचं मोजलं. घरी माझं नेहमी काठावर असतं. इथे चांगलंच खाली. नाडीही शांत. एरवी दिवसभर आखडलेले खांदे कधी सैल झाले, कळलंच नव्हतं. हे मला आवडलं नाही. चांगली गोष्ट फुकट मिळाली की मी आधी तिच्यातली खोट शोधते. इथे फोनला रेंज नव्हती, दारावर कुरिअरवाला नव्हता, कोणी काही मागत नव्हतं. मग उतरलं ते झाडांमुळे, की नुसतं बसल्यामुळे?

खाली आलो तर कोणीतरी आमच्या स्कूटरला चिकटून गाडी लावून गेलेलं. हे आधी त्या माणसाची वाट बघत उभे, मग त्याच्याशी भांडत. घरी चहा-पेपर होऊ दिला, ह्यांना निवांत बसवलं आणि मगच मोजलं. चढलेलं.

"तू समोर बसलीस की वाढतं."

"मग संध्याकाळी तुमचं तुम्ही मोजा. मी मंडईत जाते."

भाजी घेऊन परतले तर मशीन गुंडाळून कपाटात ठेवलेलं. मी मशीनच्या मेमरीत बघितलं. सकाळपेक्षाही जास्त.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "झाडीत प्रेशर उतरतं, खोटं नाही. रोज जा. पण तिथे राहायला जाणार आहात का?"

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "म्हणजे टेकडीचा काही उपयोग नाही." आवाज अगदी पडलेला. गोळी लागते म्हणजे आपल्यालाही भावाचंच दुखणं, आपणही त्याच्या मागोमाग निघालो, असं हे इतके दिवस धरून बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

"उपयोग आहे हो. माझंही उतरलं की. पण तिथे तुम्ही असता किती वेळ?"

आता सकाळी आधी गोळी, मग टेकडी. मीही जाते. मशीन घरी ठेवते. गोळी मात्र माझ्यासमोर घ्यायची. पाणी पिऊन झालं की मी म्हणते, "आ करा."

"अगं, मी काय लहान आहे?"

"आ करा."

करतात.