महाराणी बसल्या

अत्यंत गंभीर आणि तातडीचं निवेदन! नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या कॉलनीचे तमाम रहिवासी, दूधवाले, पेपरवाले आणि रिक्षाची वाट बघणारी शाळकरी मंडळी यांना कळवण्यात येतं, की महाराणी रात्रीतून पुन्हा बसल्या आहेत. राज्यकारभार सुरळीत चालू आहे. कृपया गर्दी करू नये.

हे निवेदन मी सकाळी माझ्या गॅलरीतून, हातात चहाचा कप घेऊन, चोपदाराच्या आवाजात करायचो. समोरच्या पोर्चमधून उत्तर यायचं, "नाटकवाले, गर्दी तुम्हीच करताय. खाली या, एखादा पाना धरायला माणूस हवाय."

हे आमचे समोरचे शेजारी, भाऊ. मूळचे निफाडकडचे. द्राक्षं भरायच्या खोक्यांचा त्यांचा छोटा कारखाना होता. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं, आणि अंगातलं बनियन कायम ग्रीसने माखलेलं. महाराणी म्हणजे त्यांची गाडी. विलायती बनावटीची, गडद हिरवी, उंचीपुरी, आत कातड्याच्या गाद्या आणि लाकडाच्या चकचकीत पट्ट्या. मुंबईच्या एका शेठने ती हौसेनं घेतली आणि कंटाळा आल्यावर विकली. आमच्याकडे आली तेव्हा तिचं तारुण्य ओसरलं होतं, तोरा तेवढा शिल्लक होता. अशी गाडी तुमच्याही ओळखीत कुणीतरी पाळली असेल. मालक तिच्यात कमी बसतो आणि तिच्याखाली जास्त झोपतो.

या गाडीला स्प्रिंगांच्या जागी रबरी फुगे होते आणि त्यांत हवा भरायला पंप. एक बटण दाबलं की गाडी वर व्हायची, दुसरं दाबलं की खाली. पण फुग्यांना वय झाल्याच्या भेगा पडल्या होत्या. रात्रभरात हवा निघून जायची आणि उजाडताना बघावं तर गाडी डबक्यातल्या म्हशीसारखी पोटावर बसलेली. मग भाऊ किल्ली फिरवायचे, पंप कुरकुरायला लागायचा आणि ते बॉनेटवर हलकेच थोपटून म्हणायचे, "चला महाराणी, उठा." आधी मागची बाजू, मग पुढची, अशी ती उंटासारखी उठायची. दूधवाला सायकल थांबवून बघायचा.

रविवारी भाऊ गोणपाट अंथरून गाडीखाली सरकायचे. वाटीत साबणाचं पाणी आणि हातात जुना दाढीचा ब्रश. फुग्यांना फेस फासायचा आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचं. बुडबुडा आला की गळती सापडली. बाहेर त्यांचे नुसते पाय दिसायचे. मी त्या पायांना विचारायचो, "भाऊ, महाराण्यांना दाढी येते का हो?"

"म्हातारपणी येते," खालून आवाज. "घाई करू नका, तुमच्याही घरी दिसेल."

वर गॅलरीत आमची ही उभी असायची. मग माझा चहा बंद.

द्वारका चौकाजवळचा मिस्त्री तर हात जोडायचा. "भाऊ, काढून फेका ना हे फुगे. पोलादी स्प्रिंगा टाकून देतो. सगळे तेच करतात. जिंदगीत परत बसायची नाही."

"ती बसते म्हणून तर ठेवलीय," भाऊ म्हणायचे.

मिस्त्री माझ्याकडे बघायचा आणि मी कपाळाजवळ बोट गोल फिरवून दाखवायचो.

खरं तर मला आधीच संशय यायला हवा होता. गाडी घ्यायला मुंबईला गेलो तेव्हा भाऊंनी मला गाड्यांतला जाणकार म्हणून सोबत नेलं होतं. माझी लायकी एवढीच की मी कॉलेजपासून स्कूटर चालवत होतो. शेठने इंजिन सुरू केलं, भाऊंनी ऐकलं नाही. बॉनेट उघडलं, त्यांनी आत डोकावलं नाही. खिशातून गाठ मारलेली एक सुतळी काढली, पुढचं डावं दार उघडलं आणि जमिनीपासून गादीच्या कडेपर्यंत धरली. म्हणाले, "शेठ, जरा खाली घ्या." शेठने बटण दाबलं. गाडीने हुश्श केलं आणि खाली आली. गाठ गादीच्या कडेला बरोब्बर टेकली. "घेतली," भाऊ म्हणाले. शेठला वाटलं, नाशिकचा माणूस वेडा आहे. मी परतताना ती गोष्ट सगळ्या हातवाऱ्यांसकट बसवली आणि पुढे कितीतरी दिवस कॉलनीत तिचे प्रयोग केले.

त्या सुतळीचा अर्थ मला आमच्या हिने सांगितला. तिला तो वहिनीकडून कळला होता.

वहिनी म्हणजे भाऊंची बायको. जिभेची तिखट, हाताची सढळ. संधिवाताने तिचे गुडघे आणि बोटं आखडली होती. पलंगावरून ती स्वतःची स्वतः उठायची, कारण पलंग तिच्या बेताच्या उंचीचा होता. पण साधी गाडी खोल पडायची, वाकता यायचं नाही. जीप उंच, पाय वर जायचा नाही. एकदा निफाडला लग्न होतं. जीपपाशी ती घुटमळली तेव्हा दोन भाच्यांनी, प्रेमानेच, तिला उचललं आणि आत ठेवलं. पोरं हसली. तिचं लुगडं सुटायला आलं होतं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. घरी आल्यावर ती भाऊंना म्हणाली, "मी काय खताचं पोतं आहे? यापुढे मला कुणी उचलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही." आणि तिने घराबाहेर पडणंच सोडलं.

भाऊंनी तिच्या पलंगाची उंची सुतळीवर घेतली आणि त्या उंचीला खाली वाकणारी गाडी शोधत वर्षभर फिरले.

त्यानंतर मी गॅलरीतून नीट बघायला लागलो. वहिनी काठी टेकत पोर्चमध्ये यायची. भाऊ बटण दाबायचे. महाराणी हुश्श करून खाली यायच्या. वहिनी पाठमोरी होऊन गादीच्या कडेवर टेकायची, वळायची, आधी एक पाय, मग दुसरा, असे स्वतःच आत घ्यायची. वेळ लागायचा. तेवढ्यात भाऊ पलीकडे जाऊन टायर तपासायचे. जगात कुणी इतक्या वेळा टायर तपासले नसतील. शेवटी आतून आवाज यायचा, "बसले हो." आणि मग भाऊ म्हणायचे, "चला महाराणी, उठा."

ती पुन्हा लग्नाकार्याला जायला लागली. वणीला गडावर जायची. पायऱ्या चढायच्या नाहीतच, पण पायऱ्यांशी गाडीत बसून, वर डोंगराकडे बघून आखडलेले हात जोडायची. एकदा आम्ही दोघंही बरोबर होतो. उतरताना नांदुरीच्या घाटात फट्कन आवाज झाला आणि गाडी रस्त्याच्या कडेला बसली ती बसलीच. मागून द्राक्षांचा टेम्पो आला. त्यातली माणसं भली होती. एकजण म्हणाला, "मावशे, कशाला उन्हात तरास? आम्ही चौघं हाय, उचलून ठेवतो टेम्पोत. नाशकात सोडतो."

भाऊंनी वहिनीकडे बघितलं. ती समोर काचेकडे बघत होती.

"नाय," भाऊ म्हणाले, "गाडीच उठेल."

आणि ते डांबरावर पाठ टेकून आत सरकले. ब्रश, फेस, बुडबुडा. हवेची नळी चिरली होती. टेम्पोवाल्यांकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा मिळाला, तो नळीवर गुंडाळून तारेने आवळला. ऊन कलेपर्यंत हे चाललं होतं. वहिनी आम्हाला दशम्या वाढत म्हणाली, "महाराणीचे गुडघे पण माझ्यासारखेच निघाले." पंप कुरकुरला. गाडी उठली. टेम्पोवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. गाडीखालून निघालेले भाऊ त्या दिवशी दात दिसतील एवढे हसले. मी तेवढं एकदाच बघितलं.

आता भाऊ इथे नाहीत. वहिनी गेली त्याच वर्षी ते एकदा मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "टाक स्प्रिंगा." मिस्त्रीने टाकल्या, पण तो जिंकल्यासारखा दिसत नव्हता. त्यानंतर गाडी सकाळ-संध्याकाळ ताठ उभी. दूधवाला न थांबता जायचा. मी चहा घेऊन गॅलरीत यायचो आणि निवेदन करण्यासारखं काही नसायचं. मग गाडी कुणीतरी घेऊन गेलं, भाऊ पुण्याला मुलीकडे गेले. समोरच्या पोर्चमध्ये ग्रीसचे चार डाग आहेत. नवे मालक फरशी बदलू म्हणतात.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण वहिनी गेली त्या सकाळचं सांगायचं राहिलंय. गाडी रोजच्यासारखी बसलेलीच होती, तिला उठवायचं कुणाच्या मनात आलं नाही. फाटकाशी वैकुंठरथ येऊन लागला. त्याची फळी छातीइतकी उंच. भाऊ हातात मडकं धरून, मुलगी सांगेल तिथे उभे राहत होते. आम्ही चौघं पुढे झालो, तिरडीला हात घातला. भाच्यांपैकी एकजण हलकेच म्हणाला, "हं, उचला."

तसे भाऊ पुढे धावले. हातातलं मडकं शेजाऱ्याकडे दिलं, गर्दी दोन्ही हातांनी बाजूला केली आणि रथाच्या ड्रायव्हरवर ओरडले,

"अरे, उचलू नका तिला! आधी गाडी खाली घे!"