हंड्याच्या काठाचा बँजो

निजामाचं राज्य होतं. मुरुमच्या उरुसात कव्वालीला मी पहिल्यांदाच कातडं मढवलेला तारांचा बँजो वाजवणार होतो, पण त्याचा आवाज दोन हातांपलीकडे जात नव्हता. "असाच बद्द वाजला तर तू नुसत्या टाळ्या वाजव," मुख्य कव्वालांनी बजावलं. आमच्याकडं हलगी जाळावर शेकून कडक करतात, म्हणून मी बँजोही शेकला. कातडं फटकन फाटलं! रडवेला होऊन मी शेजारच्या तांबट चाचांकडं धावलो.

"हलगी हाय का रं ही?" चाचा हसले. "आन् दोष कातड्याचा न्हाय. ते नुसत्या लाकडावर बसलंय, लाकूड सूर पिऊन टाकतंय."

त्यांनी फुटक्या हंड्याचा जाड पितळी काठ कापला, त्याचं कडं करून लाकडी घेरावर बसवलं आणि वर भिजवलेलं नवं कातडं ताणलं. ते वाळेपर्यंत मला दम निघेना. तार छेडली आणि काय सांगू, खणखणीत सूर गल्लीच्या टोकापर्यंत गेला! पुढं कॉलेजात ध्वनीचा धडा शिकताना मला चाचांचाच हंडा दिसायचा.

उरुसात पहिलीच कव्वाली रंगली आणि मुख्य कव्वाल मागं वळून ओरडले, "अरे हळू, माझा गळाही लोकांना ऐकू दे!"